त्यांची उंची

भोपाळ, ४ जुलै १९४९

चि. सुचेतास आजीचा आशीर्वाद. पोस्टाने आशीर्वाद किती झिजतो ते ठाऊक नाही, म्हणून जरा जास्तच पाठवते आहे.

मी खाटेवर बसून बोलते आहे आणि तुझा बाप नीळू खाली चटईवर बसून लिहितो आहे. मला अक्षर येत नाही हे तुला माहीत आहे, पण तू म्हणे माझी पत्रं वसतिगृहातल्या मुलींना वाचून दाखवतेस, तेव्हा त्यांनाही कळू दे. या घरात बोलण्याचं खातं माझं आणि लिहिण्याचं त्याचं. मी बोलेन ते त्याने जसंच्या तसं उतरवायचं आणि शेवटी मला वाचून दाखवायचं. एखादी गोष्ट पटली नाही तर कंसात स्वतःचं म्हणणं घालायची मुभा दिली आहे.

(मुभा आजच मिळाली. – नीळकंठ)

बघ, लगेच वापरली.

तू पुण्याला गेलीस आणि जहांगीराबादेतलं हे घर एकदम मोठं झालं. तू होतीस तेव्हाच इथलं नवाबाचं राज्य गेलं, पेढे तूही खाल्लेस, मीही खाल्ले. मला काही त्याचं दुःख नाही. राज्य कुणाचंही असो, चूल मलाच फुंकायची असते. पण नीळूच्या कचेरीत आता मजा झाली आहे. जन्मभर याने काय केलं? राजेरजवाड्यांना जाणारी इंग्रजी पत्रं तयार केली. कुणाला 'हिज हायनेस' लावायचं, कुणाला नुसतं 'राजा', कुणाच्या नावाआधी किती शेपट्या आणि नावामागे किती, ते सगळं याच्या जिभेवर. बाकीचे कारकून याच्या टेबलाशी येऊन विचारायचे, मुनशीजी, यांना काय लावू? आता विचारायला कुणी येत नाही. 'श्री' लावा म्हणजे झालं, अशी वरून आज्ञा आहे. श्री तर आपल्या वाण्यालाही आहे.

तुला आठवतं का, लहानपणी तू विचारलंस, नाना, हायनेस म्हणजे काय? आणि हा म्हणाला, उंची. मी तेव्हापासून हसते आहे. त्यांची उंची जेवली. त्यांची उंची शिकारीला गेली. त्यांच्या उंचीला पडसं झालं. आणि वर हा सांगतो, इंग्रजीत उंची एकवचनीच. राजा केवढाही असो, क्रियापद एकच. आपल्याकडे 'महाराज आले' म्हणतात, तिथे 'आला' म्हणायचं, कारण आला तो राजा नव्हे, त्याची उंची! कचेरीत कुणी 'हिज हायनेस आर' लिहिलं की याला खडा लागल्यासारखं व्हायचं.

तर तुझा बाप माझ्यासाठी एकवचनीच. शेजारपाजारचे 'मुनशीजी घर में हैं?' म्हणतात, म्हणू देत. ज्याचं शेंबडं नाक मी पदराने पुसलं त्याला 'ते' म्हणायला माझी जीभ वळायची नाही, मी मेले तरी.

(वळवण्याचा आग्रह कोणी केलेला नाही. – नी.)

मागे यानेच सांगितलं, मुलगा गादीवर असला की राजाच्या विधवा आईला इंग्रजीत 'डाउजर' लावतात. माझा मुलगा चटईवर आहे, पण चालेल.

नीळू, लिहिलंस का? आता वाचून दाखव.

तुझी डाउजर आजी


पुणे, १९ जुलै १९४९

ती. आजीस आणि नानांस सुचेताचा नमस्कार. दोघांना एकत्र, कारण वाचणारे नाना आणि ऐकणारी तू.

आजी, तुझं पत्र खोलीत तीनदा वाचलं गेलं. कमलिनी म्हणून माझी मैत्रीण आहे, तिने आता मेसमधल्या आचाऱ्यालाच 'त्यांची जाडी' म्हणायला सुरुवात केली आहे.

नाना, तुमच्याकडे एक काम आहे. कॉलेजच्या संमेलनात इंग्रजी नाटक होणार आहे, आमच्या प्राध्यापकांनीच लिहिलंय, आणि त्यात मी राणी आहे! हसू नका. दुसऱ्या अंकात मी राजाला म्हणते की तुम्ही आपलं वचन विसरलात. वहीत लिहिलंय 'युअर मॅजेस्टी हॅव फर्गॉटन'. मी म्हटलं, 'हॅज' हवं. सगळे मला हसले. म्हणाले, समोर उभ्या असलेल्या माणसाशी बोलते आहेस ना, मग 'हॅव'. मी म्हटलं, माझे वडील भोपाळच्या सेक्रेटरिएटमध्ये इंग्रजी शाखेत आहेत, त्यांना विचारून सांगते. आता माझी आणि तुमची दोघांची अब्रू तुमच्या उत्तरावर आहे.

श्री लावायचं ठरलं ते मला बरंच वाटलं, खरं सांगायचं तर. कुणी उंच नको, कुणी बुटकं नको. पण तुमचं टेबल खिडकीशी आहे ना अजून? तेवढं कळवा.

तुमची,
सुचेता


भोपाळ, १८ ऑगस्ट १९४९

चि. सुचे, उत्तराला उशीर झाला तो माझा नाही. मी रोज म्हणत होते, नीळू बस, आणि नीळू म्हणत होता, उद्या.

पहिल्यांदा तुझं काम. हे त्याचं तो लिहील, मी सुपारी कातरते.

(सुचेता, 'हॅज' बरोबर. वहीतले चुकले आहे. कारण असे : राजाला तोंडावर 'यू' म्हणायचे नसते. 'यू' म्हणणे म्हणजे अंगाला हात लावणे. म्हणून बोलायचे ते त्याच्या मॅजेस्टीशी, किंवा आमच्याकडच्या राजांच्या बाबतीत हायनेसशी, आणि ती तिऱ्हाईत, एकवचनी. थोडक्यात, समोर बसलेल्या माणसाविषयी तो खोलीत नसल्याप्रमाणे बोलायचे. हाच मान. तुझ्या प्राध्यापकांना माझे नाव सांगितलेस तरी चालेल. – नीळकंठ)

झालं? बघितलंस, किती दिवसांनी याचा चेहरा जरा हलला. समोर असलेल्याला नसल्यासारखं वागवायचं, याला मान म्हणतात म्हणे! मग तर माझ्या सासूने मला महाराणीसारखं ठेवलं होतं.

आता माझं. टेबल खिडकीशी नाही. हे लिही नीळू, पोरीने विचारलं आहे. टेबल नाहीच. झालं असं की शेजारच्या एका संस्थानिकाला पत्र धाडायचं होतं, त्यांची एक म्हातारी हत्तीण इथल्या हत्तीखान्यात अडकून पडली आहे, ती त्यांनी घेऊन जावी म्हणून. याने नेहमीप्रमाणे लिहिलं, युअर हायनेसने हत्तीण परत नेण्याची कृपा करावी. नवे साहेब आले आहेत, वयाने तुझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठे. त्यांनी सगळ्या उंच्या तांबड्या शाईने कापल्या आणि वर 'यू' लिहिलं. तुम्ही तुमची हत्तीण घेऊन जा. याने पुन्हा मसुदा केला, पुन्हा तसाच. साहेबांनी बोलावून विचारलं, नीळकंठराव, तुम्हाला दोन अक्षरांचा 'यू' लिहायला काय होतं? हा म्हणाला, हात वळत नाही.

सुचे, माझी जीभ वळत नाही आणि याचा हात वळत नाही. मायलेकरं शोभतो.

तर आता हा टपाल खात्यात बसतो, जावक टपालाला तिकिटं लावतो. मी म्हटलं, अरे, राजाला पत्र पाठवायचं तर तिकीट लावल्याशिवाय कसं जाईल, हेही मोठंच काम. हसला नाही. संध्याकाळी तलावाकाठच्या दगडी पाटियावर जाऊन बसतो, उर्दू शाखेतल्या मुनीर मियाँबरोबर. तिकडे त्यांच्या उर्दूचं असंच झालं आहे. दोघं दगडावर शेजारी बसतात आणि तलावाकडे बघतात. मुनीर मियाँ म्हणतो, को खाँ, अपन तो अब गूँगे हो गए. हा नुसती मान हलवतो.

आणि आणखी एक. लिही रे. काल कचेरीतून येताना हा जिन्यात मध्येच बसला. उजव्या हाताची बोटं झोपली म्हणाला. बराच वेळ बसून होता.

(उकाडा फार होता. – नी.)

पाऊस पडत होता, सुचे.

नीळू, वाचून दाखव.

तुझी डाउजर आजी


पुणे, २७ ऑगस्ट १९४९

ती. आजीस,

हे पत्र नाना तुला वाचून दाखवतील, तरी मी तुलाच लिहिते आहे. नाना, तुम्ही फक्त वाचा, मध्ये बोलू नका.

आजी, तू थट्टेत लिहितेस, पण जिन्याचं वाचून मला काही सुचेना. बोटं कशी झोपली? परत तसं झालं का? डॉक्टरला दाखवलं का? टपालात बसतात हे मला नानांनी स्वतः का नाही कळवलं? मला त्याची लाज वाटेल असं वाटलं त्यांना? मी तर श्री लावायला निघालेली मुलगी.

मला खरं सांग. तू 'ये' म्हण, मी त्याच रात्रीची गाडी धरते. नाटक गेलं खड्ड्यात, राणी दुसरी मिळेल. निदान दिवाळीला तरी येऊ का? दिवाळीच्या सुट्टीत तालमी ठेवल्यात, पण मी नाही म्हणू शकते.

तू जे म्हणशील ते करीन. तू, नाना नव्हे. नानांना विचारलं तर ते म्हणणार उकाडा होता.

सुचेता

ता. क. 'हॅज' झालं. प्राध्यापकांनी वर्गात सगळ्यांसमोर मान्य केलं. नानांना सांग.


भोपाळ, ६ सप्टेंबर १९४९

चि. सुचेता हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. इकडील सर्व क्षेम आहे. काळजीचे कारण नाही. तुझ्या वडिलांची प्रकृती उत्तम आहे. बोटांचा त्रास पुन्हा झालेला नाही. डॉक्टरांनी तपासले असून अशक्तपणाखेरीज काही नाही असे त्यांचे मत पडले. टपालातील नेमणूक तात्पुरती होती. नव्या कचेरीत त्यांना योग्य तो मान आहे व महत्त्वाचे इंग्रजी मसुदे त्यांच्याकडूनच तपासून घेतले जातात. ते रोज सायंकाळी तलावाकडे फिरावयास जातात.

तुझ्या प्राध्यापकांनी चूक मान्य केली हे वाचून त्यांना अतिशय समाधान वाटले.

दिवाळीस येण्याची घाई करू नकोस. जे काम हाती घेतले आहेस ते तडीस ने. राणीने अर्ध्या अंकातून उठून जाऊ नये. अभ्यास व प्रकृती सांभाळावी. माझीही प्रकृती ठीक आहे.

कळावे, लोभ असावा.

तुझी आजी


पुणे, १५ सप्टेंबर १९४९

माझी खट्याळ आजी,

काय हे! मी उभ्याउभ्याच पाकीट फोडलं, आणि आत काय, तर 'इकडील सर्व क्षेम आहे'! आधी मला कळेना. तू कधी 'फिरावयास' म्हणाली आहेस का? मग 'ते' वाचलं आणि पडला प्रकाश. 'ते रोज सायंकाळी तलावाकडे फिरावयास जातात'. ते! नानांना! तू म्हणाली होतीस ना, मेले तरी जीभ वळायची नाही? वळवलीस की!

कमलिनी म्हणाली, तुझ्या आजीने सरकारी पत्राची नक्कल केली आहे. मी म्हटलं, नुसती नक्कल नाही, तिने आमच्या नानांना गादीवर बसवलं आहे. बाहेरची राज्यं गेली आणि जहांगीराबादेत एक नवीन स्थापन झालं. नानांचा मान परत मिळाला, मसुदे पुन्हा त्यांच्याकडे आले, त्याचाच हा सोहळा ना?

मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू. आता मी निर्धास्तपणे तालमीला जाते. दिवाळीला येत नाही, संमेलन झालं की नाताळात येईन आणि राणीचा मुकुट बरोबर आणीन, पुठ्ठ्याचा आहे, तुला बसेल.

त्यांच्या उंचीला माझा नमस्कार कळव. आणि त्यांची उंची वेळेवर जेवते की नाही, तेही.

तुझी,
सुचेता


भोपाळ, १४ नोव्हेंबर १९४९

सुचे,

अक्षर बदललेलं दिसेल. घाबरून चालणार नाही, पण मी घाबरू नको म्हणणार नाही. हे शेजारची मनोरमा लिहिते आहे. ती कंसात काही घालत नाही, शहाणी आहे.

दिवाळी झाल्यावर आठवड्याने नीळू सकाळी तांब्या उचलायला वाकला तो परत उठला नाही. उजवं अंग गेलं. हात, पाय, जीभ, सगळं त्याच बाजूला. डॉक्टर येऊन जातात. मुनीर मियाँ रोज येतो, पायांना तेल लावतो.

खोलीत माणसं येतात, त्याच्या उशाशी उभी राहतात आणि मला विचारतात, इनको कुछ समझ में आता है? खाते हैं? सोते हैं? तो डोळे उघडे ठेवून ऐकत असतो. परवा ते नवे साहेबही आले, खाली मान घालून. त्यांनीही मलाच विचारलं, आता यांना कसं आहे? मला एकदम नीळूचं ते आठवलं, समोरच्या माणसाविषयी तो खोलीत नसल्यासारखं बोलायचं. तर झाला बघ तुझा बाप हिज हायनेस. मी त्याला म्हटलंही. डावा ओठ जरा हलला. हसला असेल. डाव्या बाजूचं हसू मला ओळखता येत नाही अजून.

आता जे सांगते ते नीट वाच.

परवा मी मनोरमेला माझ्या गादीखालची तुझी पत्रं दिली, म्हटलं, मोठ्याने वाच, नीळूच्या कानावर पडू देत. तिने ते वाचलं, ते खट्याळ आजीचं. मी म्हटलं, थांब. पुन्हा वाच. कोण 'ते'? कुणी म्हटलं 'ते'?

सुचे, मी म्हटलं नाही.

तू भाद्रपदात विचारलंस, ये म्हण, मी निघते. त्या दिवशी मी खाटेवर बसून नीळूला सांगितलं : सुचे, ये. तुझा बाप बरा नाही, रात्री झोपत नाही, डाव्या हाताने जेवतो आणि मला दिसत नाही असं समजतो. टपालातून त्याला काढून कुठे बसवतील ते ठाऊक नाही. मुनीर मियाँ सांगत होता, यानेच परवा पाकिटावर काहीतरी चुकीचं लिहिलं, मग एका कागदावर 'हिज हायनेस आर' लिहिलं, याने! आणि स्वतःचं अक्षर बघून कचेरीतच रडला. तर तू नाटक सोडून ये. एवढं मी बोलले. त्याने सगळं लिहिलं. वाचून दाखव म्हटलं, तर सगळं वाचून दाखवलं, शब्द न् शब्द, 'ये'सुद्धा. मी म्हटलं, शहाणा माझा बाळ. त्यात ते 'क्षेम' न् 'फिरावयास' मी ऐकलंच नाही. कागद एक बोलत होता आणि माझा लेक दुसरंच वाचत होता.

आणि तुझं उत्तर आलं तेव्हा त्याने मला वाचून दाखवलं : आजी, तालमी आहेत, मी येऊ शकत नाही. एवढंच. मी तुझ्यावर रागावले होते, सुचे. दोन महिने मनातल्या मनात रागावले होते.

आज मी त्याला विचारलं, नीळू, मी 'ये' म्हटलं तिथे तू काय लिहिलंस रे? त्याने तोंड भिंतीकडे केलं. तेवढं त्याला अजून करता येतं.

राग धरू नकोस. तुझ्या डोळ्यांसमोर त्याला तिकिटं चिकटवायची नव्हती. तुझ्या वर्गात त्याचं नाव निघालं ना, त्या 'हॅज'ला, ते त्याने मला रोज सांगितलं, जेवताना सांगितलं. तिथे पुण्यात तरी तो खिडकीशी बसलेला होता. तिथून त्याला उठवायला त्याचा हात वळला नाही.

तार कर म्हणून मनोरमा मागे लागली होती. तारेत मोजून शब्द, त्यातून तुला काय कळणार होतं? म्हणून पत्र. आता मात्र मी बोलते ते आणि मनोरमा लिहिते ते एकच आहे, तिने मला तिच्या मुलांची शपथ घेऊन सांगितलं आहे.

सुचे, ये.

आजी


पुणे, १८ डिसेंबर १९४९

आजी,

काल पोचले. गाडीत मुनीर चाचांनी दिलेला डबा तसाच राहिला, इटारसीला एका बाईला दिला.

मी तुझ्याशी तिथे नीट बोलले नाही. चौदा दिवस घरात माणसं होती आणि तू सगळ्यांना चहा हवा का विचारत होतीस. आता लिहिते.

पत्र मिळालं त्याच दुपारी मी निघाले होते, हे तुला माहीत आहे. इटारसीला गाडी चुकली. मी तिथे फलाटावर ट्रंकेवर बसले होते तेव्हाच नाना गेले, हे मला नंतर हिशेबाने कळलं. पण मला ते टोचत नाही. टोचतं ते वेगळं.

आजी, मी भाषा शिकते. माझ्या पुस्तकात पानंच्या पानं आहेत, कर्ता कोण, क्रियापद कुणाचं, वक्ता कोण. एका 'हॅव'चं 'हॅज' केलं म्हणून मी वर्गभर मिरवले. आणि माझ्या आजीच्या पत्रात एक 'ते' आलं, जे तिच्या तोंडून जन्मात येणार नाही, तिने तसं लिहूनही कळवलं होतं, आणि मी काय केलं? हसले. मैत्रिणींना वाचून दाखवलं. ते 'ते' म्हणजे नाना स्वतः होते. तुझ्या आवाजात स्वतःविषयी लिहिताना त्यांना स्वतःला एकवचनी करता आलं नाही. जन्मभराची सवय. तिथे ते पकडले गेले होते, माझ्या हातात सापडले होते, आणि मी सोडून दिलं.

नाटक दुसऱ्या मुलीने केलं. तिने 'हॅज'च म्हटलं, कमलिनी सांगत होती.

ते जाताना तू एकटी होतीस त्यांच्याजवळ. काय झालं ते तू मला सांगितलं नाहीस, मी विचारलंही नाही. आता विचारते.

सुचेता


भोपाळ, २९ जानेवारी १९५०

चि. सुचे,

सव्वीस तारखेला इथे झेंडे लावले होते, मुलं ओरडत गल्लीतून गेली. आता तर कुणीच राजा नाही म्हणे, सगळेच राजे. मनोरमेच्या धाकट्याला मी म्हटलं, मग महाराज, नाक पुसा.

तुझं पत्र मनोरमेने वाचलं, मी पुन्हा वाचायला लावलं नाही. तू स्वतःला कोसायला बसली आहेस, त्यात माझा उपयोग नाही. पण एवढं ऐक. त्याने मला समोर बसून फसवलं, माझ्याच तोंडावर, आणि मला कळलं नाही. मी त्याला जन्म दिला, तरी कळलं नाही. तुला पुण्यात बसून एका अक्षरावरून कळायला हवं होतं म्हणतेस. एवढी मोठी होऊ नकोस, सुचे. घरात एक उंची पुरे झाली.

परवा कचेरीतून त्याच्या नावाने कागद आला. मनोरमेच्या नवऱ्याने वाचला. रजा संपली, 'यू' ताबडतोब कामावर हजर व्हा. मी विचारलं, नक्की 'यू' आहे? तो म्हणाला, आहे. समोर असताना ज्याच्याशी कुणी बोललं नाही, त्याला आता 'तू' म्हणून बोलावतात. मुनीर मियाँ तो कागद घेऊन कचेरीत गेला आणि टेबलावर ठेवून आला.

ती हत्तीणही न्यायला अजून कुणी आलेलं नाही. नीळूने विचारलं असतं म्हणून सांगितलं.

आता तू विचारलंस ते.

शेवटच्या दिवशी दुपारी कुणी नव्हतं. मनोरमा स्वयंपाकाला गेली होती. मी त्याच्याजवळ बसून सुपारी कातरत होते, उगीच, खायला नाही. बघते तर त्याच्या डाव्या हाताची बोटं चादरीवर हलत होती. अंगठा न् पहिलं बोट जवळ आणून, टाक धरतात तशी. मला वाटलं, हा वाट बघतो आहे. इतकी वर्षं मी खाटेवर न् तो खाली. आता तो खाटेवर न् मी खाली, एवढाच फरक. मी म्हटलं, लिही.

आणि मी सांगत गेले. चि. सुचेतास आजीचा आशीर्वाद. इकडे हवा बरी आहे. तुझा बाप पडून आहे, जेवत नाही, ऐकतो सगळं. तुझ्या मुकुटाची वाट बघते आहे. अशी बरीच बडबड केली. बोटं चालली होती, थांबत होती, मी पुढचं बोलले की पुन्हा चालत होती. त्याने एक शब्द गाळला नसेल, सुचे, तो गाळणारा नव्हताच, नको तिथे बदलणारा होता.

मग मी म्हटलं, नीळू, आता खाली लिही : सुचे, ये.

बोटं थांबली. मी म्हटलं, लिही रे. या वेळी मी बघते आहे. तेव्हा ती थोडीशी हलली, चादरीला इतकीशी चुणी पडली, आणि मग पुन्हा हलली नाहीत. मी म्हटलं, वाचून दाखव. किती वेळ म्हणत होते. मनोरमा आली तेव्हा तेच म्हणत होते म्हणे.

त्याने काय लिहिलं ते मला ठाऊक नाही. अक्षर येत असतं तर बोटांवरून ओळखलं असतं. 'ये' असेल. 'येऊ नको' असेल. त्याला दोन्ही येत होतं.

मी आज मनोरमेला म्हटलं, 'ये' कसं लिहितात ते माझ्या तळहातावर काढून दाखव. तिने काढलं. मग म्हटलं, आता 'येऊ नको' काढ. ते फार लांब असतं ग, मनगटापर्यंत आलं.

त्याची बोटं थोडीच हलली होती, सुचे.

डाउजर आता लिहू नको म्हटलं मनोरमेला. मुलगा गादीवर असतो तोवरच त्यात गंमत आहे.

नीळूची आई